शबानाच्या मामूंचा रविवारचा क्लास

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत कंप्युटरला अहो-जाहो करणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या शबानाचे मामू. हे मी पैजेवर सांगते. मशीन चालू व्हायला वेळ लागला की ते म्हणायचे, "साहेब उठतायत, जरा दम धरा," आणि साहेब उठेपर्यंत खाली जाऊन वडापाव खाऊन परत येता यायचं, इतकी ती मशिनं जुनी. शबाना माझी बाकावरची शेजारीण. तिचे मामू पुण्यात एका कंपनीत कामाला होते, शनिवारी भोरला घरी यायचे आणि रविवारी आम्हा पोरापोरींना कंप्युटर शिकवायचे, फुकट. कंपनीनं मोडीत काढलेली मशिनं त्यांनी तिथल्या साहेबांच्या मागं लागून मिळवली आणि एकेक करून गोधडीत गुंडाळून एसटीनं आणली. पहिल्या खेपेला कंडक्टरनं विचारलं, "कोन आजारी हाय का?" तर मामू म्हणाले, "आजारी न्हाईत, वय झालंय. धक्का सोसत न्हाई." आणि मॉनिटरला खिडकीची जागा देऊन स्वतः भोरपर्यंत उभे राहिले. शबानानं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं की फेकतेय, पण पुढं एक सीपीयू माझ्याच मांडीवर बसून आला आणि उतरताना मामूंनी आधी त्याची चौकशी केली, मग माझी.

क्लास भरायचा बाजारपेठेत, एका खताच्या दुकानाच्या माडीवर. खोली दुकानवाल्या शेठची, त्यांनी अशीच वापरायला दिलेली. अजून कुठं युरियाचा वास आला की माझी बोटं आपोआप वळवळतात, शप्पथ. आणि तिथं मामू शिकवायचे म्हणजे काय करायचे, तर काही करायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागं धरून, शेजाऱ्याच्या फणसाकडं बघावं तसे आमच्या स्क्रीनकडं बघत फिरायचे. शिकणाऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी कधी म्हणजे कधीच मोडला नाही. "मामू, अडकलं," म्हटलं की म्हणायचे, "मग शेजारी बसलीय ती काय फोटू हाय का? तिला इचार." शेजारणीला नाही आलं तर पलीकडच्याला. पलीकडच्यालाही नाही आलं तर, "मला काय म्हाईत, म्या तर शबानाचा मामू." त्यांना सगळं यायचं हो, चेहऱ्यावर दिसायचं, ओठापर्यंत आलेलं उत्तर ते चहासारखं गिळायचे. आम्ही चिडायचो. पण त्यामुळं झालं काय, की भाटघरची पोरं आणि पालीच्या पोरी, ज्या एरवी एका एसटीत शेजारी बसूनही एकमेकांशी बोलल्या नसत्या, त्या 'अगं तू काय दाबलंस?' करत एकमेकांच्या खांद्यावरून वाकायला लागल्या.

लाईट जायची, ती तर जायचीच. लाईट गेली की क्लास सुटला असं आम्हाला वाटायचं, पण मामू म्हणायचे, "लाईट गेली, अक्कल हाय नव्हं?" मग आम्हीच कंप्युटर व्हायचो. एक जण कीबोर्ड, एक जण मेमरी, एक जण प्रिंटर. मेमरी झालेल्या पोरानं ऐकलेलं सगळं विसरलं की मामू खूश. "बराबर. लाईट गेल्यावर ती असंच करती."

आणि घरचा अभ्यास एकच. आज जे शिकलात ते पुढच्या रविवारच्या आत दुसऱ्या कुणाला तरी शिकवायचं. घरी कंप्युटर कुठला, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिलेला. मी माझ्या आईला कॉपी-पेस्ट शिकवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे हितलं उचलून तितं ठेवायचं. ते तर मी दिसभर करते, मला कुठं कोन कंप्युटर म्हनतं?" हे मी मामूंना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं, आणि त्यांना बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

आता संगीताबद्दल सांगते. संगीता गुंजवण्याकडची. तिची वस्ती धरणाच्या कामात उठली होती, भावकी कुठं कुठं पांगली होती आणि ती भोरला आत्याकडं राहायची. बोलायचीच नाही. हजेरीला नुसता हात वर. पण टायपिंग असं, की पत्र्यावर गारा पडाव्यात. क्लासनं एक काम काढलं होतं: आपापल्या गावची एसटी कधी येते, कुठं वळते, परत कधी फिरते, ते सगळं कंप्युटरमध्ये घालायचं. गावाचं नाव टाकलं की गाड्या समोर. भोरच्या स्टँडवर गाडी सुटायची वेळ कळते हो, पण आडगावाहून ती परत कधी फिरते हे फक्त त्या गावाला ठाऊक. ते सगळ्यांनी गोळा करून आणलं आणि संगीतानं जुळवलं. मशीनच्या पोटात काही टिकायचं नाही म्हणून काम फ्लॉपीवर, आणि मामूंच्या सक्त हुकमानं फ्लॉपीच्या दोन दोन कॉप्या.

तेवढ्यात शेठ वर आले. "मामू, दिवाळीला माल येतोय, खोली लागंल मला. आन् पोरं हितं करत्यात काय? गेमच नव्हं?"

"दसऱ्याला वर या आन् बघा," मामू म्हणाले.

"येतो. पटलं तर ऱ्हावा, न्हाई तर दुसरीकडं बघा."

दुसरीकडं काय बघणार? मामूंच्या घरात माणसंच कशीबशी मावायची. म्हणजे शेठना पटलं नाही तर क्लास संपला, इतकं साधं.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडं नांगर, कोयता, शिवणयंत्र, जे जे पोटाला घालतं त्याची पूजा होते. खोली झाडायची पाळी संगीताची होती. तिनं खोली झाडली आणि मशिनांना हार घातले, माऊसला गंध लावलं, आणि मग फ्लॉप्या घेतल्या. तिच्या घरी नांगराच्या फाळाला कुंकू लावायचे, मुठीला नाही. काम करतो तो भाग पुजायचा. फ्लॉपीत काम कोण करतं? तर ती पत्र्याची झडप सरकवल्यावर आत दिसते ती काळी चकती. तिनं झडप सरकवली आणि प्रत्येक चकतीला हळदीकुंकवाचं ओलं बोट लावलं. एकीला लावलं आणि दुसरीला नाही असं कसं करायचं, म्हणून कॉप्यांनाही लावलं.

रविवारी शेठ दुकानाची पूजा उरकून, नवा सदरा घालून वर आले. संगीतानं फ्लॉपी घातली. मशिनीनं असा आवाज काढला, की जात्यात खडा जावा. दुसरी घातली, तेच. मामूंनी फ्लॉपी बाहेर काढली, झडप सरकवली आणि आत बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. संगीताचा चेहरा मला अजून आठवतो, रडायलाही ती विसरली होती.

मामूंनी झडप बंद केली. मग म्हणाले, "पूजा झाली. आता कामाला लागा. म्हाईत तर सगळ्यांना हायच." आणि हात पाठीमागं.

शेठ खुर्चीत बसले. संगीता कीबोर्डाशी बसली आणि कुणीतरी मागून बोललं, "पालीची मुक्कामाची सकाळी सहाला." तिनं टाइप केलं. मग सुरूच झालं. मी आमच्या गावची सांगितली, शबाना हायवेवरच्या गाड्या, कुणी म्हणे बाजाराच्या दिवशी ती उशिरा येते, कुणी म्हणे येतच नाही. आणि संगीता, जी हजेरीला बोलायची नाही, ती मान न वळवता ओरडायला लागली, "एकेकानं. भाटघरवाले, तुमी थांबा. तू सांग, परत कधी फिरती?"

शेठना राहवलं नाही. "अगं, भाटघरची साळंची गाडी ऱ्हायली की. दुपारची. मी जायचो तिनं."

"सांगा, काका," संगीता म्हणाली, आणि शेठ सांगायला लागले.

शेवटी तिनं तिच्या वस्तीचं नाव टाकलं आणि पुढं वेळ. शेठ वाकून म्हणाले, "पोरी, ती गाडी बंद झालीया. वस्तीच ऱ्हायली न्हाई तितं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तरी लिवायची."

शेठनी मामूंकडं बघितलं, मामूंनी खिडकीबाहेर. मग शेठ उठले, सदरा सारखा केला, आणि जिन्यात पोचल्यावर तिथूनच म्हणाले, "गोण्या वऱ्हांड्यात रचीन मी. आन् त्या गाड्यांचा एक कागद काढून द्या, दुकानात लावतो."

क्लास पुढं बरीच वर्षं चालला. मग गावोगाव कंप्युटर आले, कॅफे आले, आम्ही कॉलेजला पांगलो, आणि एका दिवाळीला मामूंनीच शेठना किल्ली परत दिली. पण शेठ वर आले होते त्या दसऱ्याच्या दिवशी, सगळे आपट्याची पानं वाटून गेले, तरी मी आणि शबाना खोलीत थांबलो होतो, कारण मामू कापसाच्या बोळ्यानं एकेक फ्लॉपी पुसत बसले होते. त्या पुन्हा चालणार नाहीत हे आम्हालासुद्धा कळत होतं. मी म्हटलं, "मामू, टाकून द्या की." तर म्हणाले, "पुजलेली वस्तू हाय. टाकवत न्हाई."

परवा शबानाकडं गेले होते. मामू आता थकलेत, दुपारचे झोपतात. शबाना म्हणाली की त्या फ्लॉप्या मामूंच्या उशाशी बिस्किटाच्या डब्यात अजून आहेत, आणि दर खंडेनवमीला मामूच तो डबा काढून स्वतःच्या पुढ्यात ठेवतात, घरात कुणी काही विचारत नाही. मला बघायचा होता डबा. पण ते झोपले होते, आणि त्यांच्या उशाशी जाऊन काढणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी चहा घेतला आणि निघाले.