शेवट गोड करणारा प्रबोधबाबू

प्रबोध हाजरा हा बंगाली लेखक मला भेटला परदेशात, बुकित पंजांगला, आमच्या इमारतीखालच्या दगडी टेबलाशी. साल २०१४. मी पोराकडं राहायला आलेला, तो लेकीकडं. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, पण दोघांचीही हिंदी लंगडी. म्हणून इथं ते माझ्या सातारी बोलीत सांगतो. बंगाल्याच्या तोंडी ती काय वाईट दिसत नाही.

गडी शांतिपूरचा. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचा. खिडकीशी कुणी मिठाई घेऊन यायचं, कुणी डोळं पुसत. ह्याचं कान त्यांच्या बोलण्याकडं. त्यातनं कादंबऱ्या निघाल्या. आपले दिवाळी अंक, तसे त्यांचे दुर्गापूजेचे अंक. त्यात अख्खी कादंबरी छापतात. सव्वीस वर्षं हा दरसाल एक देत आला. नाव फार मोठं झालं नाही, पण बायाबापड्या आधी ह्याचंच पान उघडायच्या. कारण शेवट हमखास गोड. भांडलेले भाऊ एका पंगतीला, रुसलेली सून उंबऱ्यात हजर.

बायको गेली, पाठोपाठ हा न्हाणीत पडला, आन् लेक निहारिका त्याला इकडं घेऊन आली. ती बुओना व्हिस्टाला एका संशोधन कंपनीत आकडेमोड करायची. लेक गुणाची, तीच तर पंचाईत. बाप अकराव्या मजल्यावर, पासपोर्ट तिच्या कपाटात, शांतिपूरच्या घराची किल्ली ह्याच्या खिशात. जायचं नाव काढलं की ती म्हणायची, "तिथं पडलात तर उचलणार कोण, बाबा?" आन् रडायची.

"तोंडावर सांग की," मी म्हणालो.

"तिच्या डोळ्यात पाणी बघितलं की माझी जीभ टाळ्याला चिकटतीया, दादा. लिहूनच सांगतो."

"चिठ्ठी?"

"कादंबरी."

"आरं तिच्या! काटा काढायला नांगर जुपतोस व्हय?"

पण लिहिली पठ्ठ्यानं. लेकीच्या घरात अडकलेला म्हातारा; शेवटी तो 'मला जाऊ दे' म्हणतो आन् गाडीत बसतो. अंक निघाला की निहारिका वाचणार हे ठरलेलं. बापाचा एक अंक तिनं कधी चुकवला नव्हता. एरवी पानांचे फोटो काढून कोलकात्याला तीच पाठवायची. औंदा छापायच्या आधी तिला कळू नये म्हणून ते काम माझ्याकडं. मला बंगाली अक्षर कळत नाही. असला पोस्टमन दुसरा कुठला मिळायचा?

चार दिवसांनी संपादकाचा फोन माझ्याच फोनवर आला. प्रबोधबाबू बराच वेळ नुसता हूं हूं करत राहिला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, सणाच्या दिवसांत एकटा म्हातारा गाडीत बसलेला लोकांना सोसायचा नाही. शेवट बदला."

"नाही म्हण."

त्यानं पेनाचं टोपण काढलं. हाताला सव्वीस वर्षांची सवय. अर्ध्या तासात तीन पानं.

"काय केलंस?"

"म्हातारा लेकीच्या हातात किल्ली देतो. ती त्याच्याजवळ बसते."

"आन् जायचं?"

"ते मधल्या प्रकरणांत हाय की. हुशार हाय पोरगी, हेरंल."

मी फोटो काढले, पाठवले.

पूजेच्या तोंडावर निहारिकानं लिटिल इंडियातल्या दुकानातनं अंक आणला. पुढं दोन दिवस प्रबोधबाबू खाली फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो लेकीसंगं, ते बी कामाच्या वारी. तिचं डोळं सुजलेलं.

"काका, बाबा इतके एकटे पडलेत हे मला कळलंच नाही. ऑफिसात बोलले मी. आता आठवड्यातले चार दिवस घरूनच काम. त्यांच्याजवळ बसून." मग हळूच म्हणाली, "शेवट काय लिहिलाय हो! मी विचारलं, बाबा, मनापासून ना? तर हो म्हणाले."

ती जरा लांब जाऊन फोनवर बोलाय लागली. मी त्याच्याकडं वाकलो. "हो म्हणालास?"

"छापून आलंय, दादा. माझ्याच नावानं. नाही कसं म्हणू?"

"आन् किल्ली?"

"तिनं हात पुढं केला. अगदी लिहिलं होतं तसाच."

त्यानं खिसा उलटा करून दाखवला.

"चला बाबा, ऊन चढतंय," निहारिकानं हाक मारली, तसा तो उठला आन् लिफ्टकडं चालाय लागला.