क्यूबाचा मी, मेक्सिकोचा तो

शारजातल्या एका क्रिकेट सामन्यावरून दुबईच्या बर दुबई भागातला आमचा लाहोरचा शेजारी आणि मी बोलेनासे झालो. त्यांचा स्टीलचा डबा आमच्याकडेच पडून राहिला. रिकामा परत करायचा नसतो आणि भरून द्यायला मन होत नव्हते.

एका शुक्रवारी त्याने बेल वाजवली. "भाईसाहब, हमारा टीव्ही खराब है. बॉक्सिंग दिखाओगे?"

क्यूबातून पळून आलेला एक बॉक्सर मेक्सिकनशी लढणार होता. त्या दोन देशांतही आपल्यासारखीच चुरस. मी क्यूबा घेतला, त्याने मेक्सिको. पंचांवर दोघांचाही भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक फेरीचे गुण आपापल्या कागदावर मांडले.

शेवटी कागद जुळवले. माझ्या बेरजेत त्याचा मेक्सिकन दोन गुणांनी पुढे होता, त्याच्या बेरजेत माझा क्यूबन. पक्षपात नको म्हणून प्रत्येक अटीतटीची फेरी मी त्याला दिली होती आणि त्याने मला.

"आप तो गद्दार निकले!" तो म्हणाला.

"और आप?"

हसण्याच्या भरात खरा निकाल ऐकायचाच राहिला.

संध्याकाळी बायको डब्यात पुरणपोळ्या भरून त्यांच्याकडे गेली. परत आल्यावर म्हणाली, "अहो, त्यांचा टीव्ही तर छान चालू आहे."