कच्चं खाणारी मांजरं आणि त्यांची माणसं

जनावरांच्या डॉक्टरकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. औषध कंपन्यांची कॅलेंडरं आणि मालकांचे किस्से. कॅलेंडरं वर्ष संपलं की कुणीतरी पोरांच्या वह्यांना कव्हर घालायला घेऊन जातं. किस्से कोण नेणार? म्हणून आज ते तुमच्या गळ्यात मारते!

मी मूळची उरवड्याची. कोळवणमध्ये क्लिनिक टाकलं तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर गाभण म्हशी तपासायच्या. पण भातखाचरांच्या मधोमध फार्महाउस उभी राहिली, त्यांत मांजरं आली आणि मांजरांच्या मागोमाग आलं ‘रॉ डाएट’. म्हणजे मांजराला कच्चं मांस. ते चालतच नाही असं मी म्हणत नाही. प्रमाण तोलून, कॅल्शियम आणि बाकीची पोषकं जुळवून, स्वच्छता पाळून केलं तर जमतं. पण आमच्या मंडळींना पहिल्या दिवशी उत्साह असतो आणि माहिती येते पंधराव्या दिवशी. मधले चौदा दिवस माझ्या क्लिनिकमध्ये जातात.

क्लिनिकला लागून शंकरचं चिकन सेंटर आहे. त्यामुळे अर्धे किस्से मला भिंतीपलीकडून फुकट ऐकू येतात.

* * *

हाफ पँटमधला एक आयटीवाला लॅपटॉप घेऊन शंकरच्या दुकानात आला. लॅपटॉपवर एक्सेल शीट.

“भाऊ, मसल मीट, हार्ट आणि लिव्हर सेपरेट द्या. लिव्हर एक्झॅक्टली पाच टक्के हवं.”

“किती कोंबड्या कापू?”

“कोंबड्या नको हो! एका मांजराचं एका दिवसाचं द्या. लिव्हर पाच ग्रॅम.”

शंकरने शीटकडे पाहिलं, मग आपल्या सुरीकडे पाहिलं.

“सायेब, पाच ग्रॅम काळीज माझ्या सुरीलाच चिकटून ऱ्हातं. ती धुऊन पानी देऊ का?”

* * *

एक बाई शुद्ध शाकाहारी. पण मांजर ‘नॅचरल’च वाढवायचं, हा हट्ट. मांजर सुस्त पडलंय म्हणून घेऊन आल्या.

“काय खातं?” मी विचारलं.

“पूर्ण रॉ! महिनाभर घरात याच्यासाठी गॅस पेटवला नाही.”

“म्हणजे नक्की काय?”

बाईंनी अभिमानाने डबा उघडला. आत मटकी होती.

“अहो, हे मांसाहारी जनावर आहे. मटकी कशी चालेल?”

“नुसती नाही, डॉक्टर!” बाई म्हणाल्या. “चांगली मोड आलेली आहे!”

* * *

हा किस्सा गुरुवारचा. गुरुवारी कोळवणचा शाकाहार असतो, त्यामुळे शंकर निवांत माझ्या पायरीवर येऊन बसलेला.

एका फार्महाउसवरून फोन आला, मी स्पीकरवर टाकला. “डॉक्टर, रॉ चिकनमधून इन्फेक्शन झालंय. उलट्या, जुलाब, ताप. काल रात्रीपासून काही ठरत नाहीये पोटात!”

“लगेच घेऊन या. वजन किती आहे?”

“ब्याऐंशी किलो.”

आजारी पडला होता नवरा. झालं असं, की बाईंनी मांजराचं चिकन नळाखाली खळखळून धुतलं. शिंतोडे ओटाभर. मग त्याच पाटावर, त्याच सुरीने काकडी-टोमॅटो चिरून नवऱ्याला सॅलड दिलं. कच्चं चिकन धुवायचं नसतं आणि त्याचा पाट-सुरी वेगळी ठेवायची असते, हे मी तीनदा सांगितलं होतं. नवऱ्याला पौडच्या दवाखान्यात पाठवलं.

“आणि मांजर कसंय?” मी विचारलं.

“ती मजेत आहे,” बाई म्हणाल्या. “तिला सॅलड दिलंच नव्हतं ना!”

शंकर पायरीवरून उठून गेला. हसू आवरेना त्याला.

* * *

आणखी एक जोडपं. यांचं काम मात्र वाखाणण्यासारखं होतं. खिमा, अंड्याचा पिवळा बलक, फिश ऑइल, कॅल्शियम, मांजरांना लागणाऱ्या टॉरिनची पूड, सगळं मापात. छोट्या पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि आदल्या दिवशी खाली फ्रीजमध्ये उतरवायचे. मी इतरांना यांचं उदाहरण द्यायचे. एका रविवारी दुपारी यांचा फोन आला, आवाज एकदम खाली.

“डॉक्टर, ते टॉरिन माणसांना चालतं का?”

“चालतं. का हो?”

“साताऱ्याहून आई आलीय. आम्ही जरा बाहेर गेलो होतो, तेवढ्यात शेजारचे चारजण जेवायला बोलावले तिने. फ्रीजमधल्या सगळ्या पुड्यांचा झणझणीत खिमा केलाय.”

“मग थांबवा त्यांना!”

“कसं थांबवणार? दुसऱ्यांदा वाढून घेतायत!”

* * *

आमच्या कोळवणच्या तान्हाबाई. वय विचारलं तर चिडतात. त्यांच्या मनीला जंताचं औषध द्यायचं होतं म्हणून बाकावर बसलेल्या. शेजारी पुण्याच्या एक ताई रॉ डाएटचे फायदे समजावत होत्या. तान्हाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“व्हय, आमची मनी बी कच्चंच खाती,” त्या म्हणाल्या. “उंदीर.”

“वॉव! आणि ते आणता कुठून तुम्ही?”

“आमी कशाला आणतुया, बया? तीच आणती. लई खूश असली तर एखादा आमच्या उशाला ठिवती!”

ताई सरकून बाकाच्या टोकाला बसल्या.

* * *

आता प्रधानकाका. काकू गेल्यावर काका कोळवणच्या फार्महाउसवर एकटेच राहायला लागले. लेक बंगळुरूला. तिने सोबतीला म्हणून मांजराचं पिल्लू आणून दिलं आणि रॉ डाएटची पाककृतीही लिहून दिली. काकांनी पिल्लाचं नाव ठेवलं बोंबील.

चार महिन्यांनी काका त्याला टोपलीतून घेऊन आले. बोंबीलला मागच्या पायांवर उभं राहता येईना. एक्स-रेमध्ये हाडं अशी फिकट, की मला दिवा नीट लागलाय का हे बघावं लागलं.

“काका, पाककृतीत दळलेली हाडं होती ना? कॅल्शियमसाठी?”

“होती. पण मी बोनलेसच द्यायचो. हाताने चाचपून, बारीक तुकडे करून. घशात अडकलं असतं म्हणजे?” काका टोपलीकडे बघत म्हणाले. “आमच्या हिलाही चाळीस वर्षं माशाचे काटे मीच काढून दिले हो. कधी काही झालं नाही.”

मी रागवायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग नुसतं सांगितलं, कच्चं बंद, सगळी पोषकं असलेलं तयार खाद्य सुरू, सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती आणि दर मंगळवारी वजन.

“वाचेल ना?” काकांनी विचारलं. “नाही म्हणजे, घरात बोलायला तोच आहे.”

बोंबील माझ्या छोट्या काट्यावर काही बसेना. म्हणून आमची जुनी पद्धत. काकांनी बोंबीलला घेऊन माणसांच्या काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि मी वजाबाकी करायची. दोन्ही आकडे बोंबीलच्या कार्डावर.

पाचव्या मंगळवारी बोंबील पिंजऱ्यात उभा राहायला लागला होता. मी खुशीत कार्ड काढलं. बोंबील चारशे ग्रॅम वाढला होता. सहज नजर दुसऱ्या रकान्यावर गेली. काका साडेपाच किलो उतरले होते.

“काका, तुम्ही काय जेवता?”

“माझं काय, चहा-बिस्किट होतं की. एकट्यासाठी कुकर कोण लावणार? आणि याला भरवण्यात वेळ जातो.”

मला खूप वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. पाच आठवडे मी हा माणूस तोलत होते, फक्त वजा करण्यासाठी! पण काकांना ‘तब्येत सांभाळा’ म्हटलं असतं तर ते ‘हो हो’ म्हणून गेले असते. म्हणून मी डॉक्टरी आवाज काढला.

“याची उरलेली ट्रीटमेंट नीट ऐका. बोंबीलने एकट्याने जेवायचं नाही. त्याची वाटी ठेवली की समोर तुमचं ताट. भाकरी, आमटी, भाजी, जे काय ते. तुमचं ताट रिकामं झालं की मगच त्याची वाटी उचलायची. दोन्ही वेळा.”

काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी शंकर सांगत आला, “ताई, प्रधानकाकांनी अर्धा किलो चिकन नेलं. मी म्हनलं, मांजराचं कच्चं तर बंद केलंय ना? तर म्हनाले, हे त्याच्या औषधाचं हाय, रस्सा करायचाय.”

आठव्या आठवड्यात बोंबील बरा झाला. पडदे चढायला लागला. मी कार्डावर ‘ट्रीटमेंट पूर्ण’ असं लिहून काकांना सांगितलं, आता यायची गरज नाही.

पुढच्या मंगळवारी बरोब्बर अकराला काका दारात हजर! हात रिकामे. टोपलीसुद्धा नाही.

“बोंबील कुठाय?” मी घाबरून विचारलं.

“घरी. झोपलाय.”

काकांनी चपला काढल्या, काट्यावर चढले आणि म्हणाले, “लिहा.”