आईची बारमाही बाग

हे ऐकून मला 'शहाणी' म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या. पुढे ती सोय राहणार नाही. गाढवपणा लोक करतात, मान्य, पण मी तो प्लॅन काढून केला! आर्किटेक्टसारखा, स्केलवर!

तर झालं असं. मी आणि माझा नवरा निखिल, आम्ही इकडे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर घेतलं. डिसेंबरात राहायला आलो. माझं अख्खं लहानपण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलेलं, त्यामुळे घरामागे बाग आहे म्हटल्यावर मी वेडीच झाले! पण बाग कसली, जंगल. आधीच्या मालकांनी दिसेल ते रोप आणून खुपसलेलं. गुलाबात लॅव्हेंडर, लॅव्हेंडरमध्ये गवत, गवतात एक फुटकं कारंजं.

त्याच सुमारास आईचं यायचं ठरलं. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटी. फोनवर विचारा कशी आहेस, "बरी आहे." जेवलीस का, "हो." झोप लागते का, "लागते." संपला फोन! मला फक्त एवढंच हवं होतं की तिने इथे यावं, आणि आली की जाऊच नये.

पण आईला थांबवून ठेवायचं कशाने? मॉल दाखवून? ती मॉलला कंटाळते. समुद्र दाखवून? समुद्र ती एकदा बघते आणि म्हणते, छान आहे, चला. मग मला सुचलं. बाग!

"बारमाही पाहिजे," मी निखिलला सांगितलं. "प्रत्येक सीझनला काहीतरी फुललेलं. आणि एकदम सोपी. आईने खुरपं हातात घ्यायचं नाही. नुसतं बसायचं."

"म्हणजे एक बाक."

"बाक काय, बाक! जागा! बाल्कनीसारखी!"

आता तुम्हाला बाल्कनीचं सांगायला हवं. आमच्या पुण्याच्या फ्लॅटची बाल्कनी दक्षिणेला. बाबांनी तो फ्लॅट तेवढ्यासाठीच घेतलेला. घरी कोणीही येवो, अगदी गॅसवाला येवो, त्याला ते ऐकवायचे, "थंडीत ऊन पाहिजे ना, मग दक्षिण बघा! बाकी सगळं नंतर!" थंडीच्या सकाळी दोघं तिथे चहा घेऊन बसायचे. बाबा पेपर मोठ्याने वाचायचे. आई म्हणायची, "मलाही येतं हो वाचता," आणि ऐकत राहायची.

मी फोनवर होकायंत्र उघडलं आणि मागच्या अंगणात गोल गोल फिरले. घराची मागची बाजू नेमकी दक्षिणेला! अहो, मला तर रडूच आलं. वाटलं, हे घर आपल्याला बाबांनीच शोधून दिलंय.

मग काय, दोन महिने आम्ही खणतोय. अर्धी बाग उपटली. गुलाब शेजारच्या लोसा आंटींना दिले. त्या सामोअन, घरभर नातवंडं, आणि मनाने इतक्या मोठ्या की आपल्यालाच लाज वाटावी. ठेवलं काय? हिवाळ्यासाठी कॅमेलिया, वसंतासाठी पिवळ्या फुलांचं इथलं झाड कोफाय, उन्हाळ्याला झेंडू, आणि एक लिंबू. बाकी सगळीकडे पांढरी खडी. घराच्या भिंतीला टेकून बाक, तोंड दक्षिणेला. शेजारी कुंडीत तुळस. आणि ऊन तर असं की जँडल्समधून, म्हणजे इथल्या स्लिपरांतून, खडी पायाला चटके द्यायची! निखिल म्हणाला, "स्वीट ॲज! एकदम झकास!" मी प्लॅनचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

आई आली जूनमध्ये. ऐन हिवाळ्यात.

पहिल्याच सकाळी तिला डोळे मिटायला लावून मागे नेलं. डोळे उघडले तिने. बाक बघितला, तुळस बघितली. "आपल्या बाल्कनीसारखं केलंयस गं," म्हणाली आणि बसली. मी तिथून पळाले. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आणि मग ती रोज बसायला लागली. आधी शाल. मग स्वेटर आणि वर शाल. मग निखिलचं जाड जॅकेट, माकडटोपी आणि वर शाल. हात काखेत, नजर कॅमेलियावर. मी खिडकीतून बघायचे आणि डोळे पुसायचे.

"मी चहा घेऊन बसू का त्यांच्याबरोबर?" निखिलने विचारलं.

"अजिबात नाही! तिला बाबा आठवतायत. तिला तिचा वेळ दे."

"अगं, थंडी वाजत असेल त्यांना."

"निखिल! सगळंच टेंपरेचरवर नसतं! दुःख नावाची काही गोष्ट असते की नाही?"

बिचारा चहाचे कप विसळायला गेला. इंजिनियर माणूस, त्याला काय कळतंय, असं मला वाटलं. मला!

मग मी उपाय सुरू केले. तिला जरा प्रसन्न वाटावं म्हणून सोलरवर चालणाऱ्या दिव्यांची माळ आणून बाकावर लावली. संध्याकाळ झाली, दिवे लागेनात. दुकानात गेले, तावातावाने भांडले, माळ बदलून आणली. तीही लागेना! परत गेले. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "ऊन मिळतं ना तिथे?" मी म्हटलं, "हीप्स! ढिगाने!" तिसरी माळ आणली. तीही मेलेली. दरम्यान तुळस काळी पडली. मी निखिलला म्हटलं, बघ, तुळशीलासुद्धा कळतंय आईचं मन.

आणि एका रात्री जेवताना आई ताटाकडे बघत म्हणाली, "मुक्ता, माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघशील?"

मी हातातला घास परत ताटात ठेवला. एवढं करूनही? "कंटाळलीस?" विचारलं. "नाही गं. सगळं छान आहे," म्हणाली आणि ताट उचलून गेली.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. लोसा आंटी. हातात केकची ताटली, पण चेहरा असा की मयताला आल्यासारखा. नेहमीचं नमस्काराचं 'किया ओरा' नाही, हसणं नाही.

"डार्लिंग, तुझ्या घरात सगळं ठीक आहे ना?"

"हो… का?"

"तुमची आई." त्यांनी आवाज खाली घेतला. "रोज तुम्ही दोघं गाडीने कामाला गेलात की ती घराच्या त्या बाजूला येते. कचऱ्याच्या डब्यांपाशी. बादली उपडी घालते आणि त्यावर बसते. तुमची गाडी यायच्या आत उठून जाते. आमच्यात ना, आईला घरातली सगळ्यात चांगली खुर्ची देतात."

माझ्या कानशिलांतून वाफ निघाली असेल! "आंटी, तिच्यासाठी मी अख्खी बाग केलीय!"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं.

मी धावत घराला वळसा घातला. मागच्या अंगणाच्या नेमकी उलट, उत्तरेकडची ती बोळकंडी; आमचं दार बाजूला, त्यामुळे तिथे आम्ही कधी बघतसुद्धा नाही. लाल झाकणाचा डबा, पिवळ्या झाकणाचा डबा, आणि दोघांच्या मध्ये बादलीवर माझी आई. ना जॅकेट, ना टोपी. मांडीवर मँडरिन संत्र्याची सालं, डोळे मिटलेले, आणि तोंडावर असं ऊन, असं पिवळंधमक ऊन!

मला बघून ती शाळेतल्या मुलीसारखी दचकून उभी राहिली. "अगं, दोनच मिनिटं बसले होते. जाणारच होते बागेत."

"आई, इथे का बसतेस तू?"

"ऊन असतं."

"आणि तिकडे?"

"तिकडे नसतं."

"कधीच?"

"मी आल्यापासून तरी नाही बाई बघितलं."

मागून लोसा आंटी आल्या होत्या. "नॉर्थ, डार्लिंग," त्या हळूच म्हणाल्या. "हिअर द सन इज इन द नॉर्थ."

भूगोल मला येत नाही असं समजू नका. सगळं पाठ आहे, सदर्न हेमिस्फिअर, उलटे सीझन, सगळं. पण बाबांचं वाक्य त्या भूगोलाच्या कितीतरी आधी पाठ झालेलं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर होता म्हणून खपून गेलं. हिवाळ्यात तो गेला घराच्या पलीकडे, आणि मी आईला बसवलं घराच्या सावलीत. अख्खा महिना!

"मग बोलली का नाहीस?"

"इतक्या हौसेनं केलंयस. रोज खिडकीतून बघत असतेस, डोळ्यांत पाणी आणून. म्हटलं, बसावं."

मी तिथेच फरशीवर बसले. "म्हणजे तुला बाबा आठवत नव्हते?"

"आठवतात ना." तिने परत बादलीवर बसून एक मँडरिन सोलायला घेतलं. "पण कुडकुडताना माणसाला धड आठवतासुद्धा येत नाही गं. इथे बसलं की येतं." मग म्हणाली, "आणि तुम्ही दोघं जवळच येईनात. मला वाटलं, माझी अडचण होतेय घरात."

मी तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. तिने माझ्या तोंडात एक फोड घातली. लोसा आंटी ताटली डब्याच्या झाकणावर ठेवून, डोळे पुसत निघून गेल्या. त्या दिवशी आई बाबांबद्दल बोलली. इतकं बोलली, की ऊन सरकत गेलं तशी आम्ही बादलीसुद्धा सरकवत नेली.

दुसऱ्या दिवशी बाक उत्तरेला आला. बोळकंडी अरुंद, त्यामुळे डब्यांना तिथे जागा उरली नाही. ते गेले मागे. आता सकाळी तिघं चहा घेऊन दाटीवाटीने बाकावर बसतो, निखिल फोनवरच्या बातम्या मोठ्याने वाचतो, आणि तिकिटाचा विषय आईने पुन्हा काढलेला नाही.

परवा पुण्याहून आत्याचा फोन आला. आई बाकावर, फोन स्पीकरवर, मी आत भांडी घासतेय.

"वहिनी, मुक्तानं बाग केलीय म्हणे मोठी?"

"अगं, काय सुंदर केलीय! पांढरीशुभ्र खडी, कॅमेलिया, बारा महिने काही ना काही फुलतं, संध्याकाळच्या दिव्यांच्या माळा…"

"वा! म्हणजे तुम्ही दिवसभर तिथेच बसत असाल!"

"मी? छे गं," आई म्हणाली. "तिथे कचऱ्याचे डबे बसतात."