आईच्या कोपराच्या मापाचा ओटा

आई दवाखान्यातून घरी येण्याआधी ओटा उभा झाला पाहिजे, या एकाच गोष्टीने त्या मे महिन्यात माझी झोप उडवली होती. आईने जन्मभर खाली बसून स्वयंपाक केला. गुडघे बदलल्यावर खाली बसणं कायमचं बंद, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. भाऊ तर तिला पुण्याला न्यायला टपलेलाच. तिथे दिवसभर टीव्हीसमोर बसून आयतं खायचं, या विचारानेच ती कासावीस व्हायची. दिग्रसच्या आमच्या घरात तिला उभ्याने भाकरी थापता आली, तरच तिचं इथलं राहणं टिकणार होतं.

वडिलांनी मिस्त्री नको म्हटलं. रिटायर झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवतच होते. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी आम्ही आईला भिंतीशी उभं केलं, तिच्या कोपराखाली चार बोटं मोजून रेघ मारली. मावशी तिच्यासोबत दवाखान्यात, आणि इकडे आम्ही दोघं बापलेक. विटांच्या दोन भिंती, त्यांवर फळ्यांचा फर्मा, आत सळईची जाळी, मग सिमेंट-रेती-गिट्टीचा माल. वडील थापीने घोटत राहिले आणि मी पुरे, पुरे म्हणत राहिले.

नंतर फक्त पाणी मारायचं आणि वाट बघायची. नेमकं तेच मला जमत नाही. उन्हाळ्यात नळाचा काही भरवसा नसतो, तरी प्यायच्या ड्रममधलं पाणी मी ओट्यावरच्या बारदान्यावर ओतायची आणि शेजारणीची नजर चुकवायची. घडीघडी बारदाना उचलून नख टोचून बघायची. फळ्या आजच काढू म्हणून वडिलांशी भांडलेसुद्धा, पण ते ढिम्म हलले नाहीत.

आई आली. वॉकर धरून थेट स्वयंपाकघरात गेली, ओट्यापाशी उभी राहिली. ओटा बुटका झाला होता. परातीत हात घालायला तिला कमरेत वाकावं लागत होतं. आम्ही माप घेतलं ते तिच्या फेंगड्या, वाकलेल्या पायांवर. पाय सरळ होऊन ती उंच होईल, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. वडिलांचा चेहरा पडला. आजच फोडतो, नवा टाकू, असं पुटपुटत ते घण शोधायला वळले. मला भावाचा फोन आत्ताच ऐकू यायला लागला होता.

आई ओट्यावर तळहात टेकून आपल्या पायांकडे बघत होती.

"फोडता कायले? परातीखाली पाट ठेवा," ती म्हणाली.

वडिलांनी पाट आणला, पण ठेवायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

"असे काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "लग्नात मी एवढीच उंच होती. तुमीच इसरले."