मावशीचा दुखरा अंगठा

तासगावच्या माझ्या मावशीइतकी लोकांच्या सुखदुःखात बुडालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. काका गेल्यावर मुलाने पुण्याहून तिला मोबाइल आणून दिला आणि बेदाण्याच्या शेडवर आयुष्यभर माल निवडलेली तिची बोटं त्या काचेवरही तशीच भरभर चालू लागली. उठल्या उठल्या ती सगळ्या ग्रुपवर शुभेच्छा धाडायची आणि एखाद्याचं उत्तर आलं नाही, तर ‘त्यो बरा हाय न्हवं?’ म्हणून मला साताऱ्याला फोन. मयताच्या बातमीखालीसुद्धा तिचा अंगठा वर असायचा. असं करू नये म्हटलं, तर म्हणाली, “अरं, मी वाचलं ते कळाय नको व्हय त्यास्नी?”

पुढे पुढे मात्र तिचं हसणं कमी झालं. आष्ट्याची तिची बालमैत्रीण रोज फोटो टाकायची. कधी समुद्रावर, कधी डोंगरावर, नवऱ्याशेजारी गॉगल लावून. मावशी ते पुन्हा पुन्हा बघायची, खाली लाल बदामाचं चिन्ह टाकायची आणि अर्धी भाकरी ताटात सोडून उठायची. “समदी हिंडत्यात बघ. मीच तेवढी हितं पडलीया.” झोप उडाली, मान आखडली, अंगठा सुजला. शेवटी मीच तिला इस्लामपूरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. दिवसभरात फोन किती वेळ बघता, असं त्यांनी विचारल्यावर ती गंभीरपणे म्हणाली, “मी कुठं बघतीया? त्योच दावतोय.” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी अंगठ्याला पट्टी बांधली, फोन काही दिवस बाजूला ठेवायला सांगितलं आणि विचारलं, “कुणाच्या घरी जाऊन शेवटचं कधी बसला होतात?” मावशीला आठवेना.

परतीच्या वाटेवर आष्टा लागलं, तशी ती म्हणाली, “गाडी आत घे.”

मैत्रिणीचं दार उघडंच होतं. भर दुपारी खिडक्या लावून ती पडून होती, केस विस्कटलेले. पलीकडच्या कॉटवर तिचे यजमान. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेलेली. फोटो सगळे जुने होते. “हे असलं कुणाला दावायचं?” ती मावशीला म्हणाली. “तू बदाम टाकतीस, तेवढंच जरा बरं वाटतं.” मावशी उठली. तिच्यामागे जाऊन बसली आणि पट्टीच्या हाताने तिची वेणी घालू लागली.

त्यानंतर मावशी वरचेवर एसटीने आष्ट्याला जाऊ लागली. दोघी मळ्याच्या वाटेने फिरून यायच्या. मावशीची मान मोकळी झाली, झोप परतली. मैत्रिणीलाही तिने हाताला धरून त्याच डॉक्टरांकडे नेलं.

गेल्या थंडीत मैत्रिणीचे यजमान गेले. दिवस झाल्यावर तिथंच राहिलेल्या मावशीला तासगावला न्यायला मी गेलो, तेव्हा दोघी पायरीवर उन्हात बसल्या होत्या. मैत्रीण मला म्हणाली, “ऱ्हाऊ दे की रं तिला आणखी.” मावशीने भरलेली पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली. मी एकटाच साताऱ्याला निघालो.