हाशिम मिस्त्रीची टकटक

भोरच्या स्टँडामागं हाशिम मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि हाशिमचा तोरा. पत्रे दर पावसाळ्यात गळतात, तोरा मात्र चाळीस वर्षांत टिपूसभर गळला नव्हता.

गाडी आली की तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचा, लाकडी मूठ दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. आतली धडधड दातांतून थेट टाळक्यात जाते म्हणे. "कानानं काय, कुणीबी ऐकतंय," असं वर ऐकवायचा. पण खोटं कशाला बोला, त्याचं निदान कधी चुकलं नाही. म्हणून तर वेल्ह्याच्या डोंगरातली माणसं एवढा घाट उतरून त्याच्याकडं यायची, आणि त्याची बोलणीही मुकाट खायची.

यंदा त्याचे उरलेसुरले दात गेले आणि कवळी आली. पुण्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या, खालची जरा घट्ट बसवून देते. हा गेला नाही. "फिटिंग मला शिकवती व्हय?" गिऱ्हाईक पहिल्या सर्विसला आलं नाही तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा माणूस हा! बायको, बिलकीस, म्हणाली, "अवो, ढिली हाय ती." तर म्हणे, बसंल आपसूक. जेवायच्या वेळेला मात्र कवळी शर्टाच्या खिशात.

अशात डोंगरातल्या पासली गावच्या अमृतरावांची जुनी पांढरी गाडी आली. भाताची खाचरं सोडली तर त्यांचा जीव त्या गाडीत. तिची टकटक अशी, की रस्त्यापलीकडचा रसवंतीवाला उस्मान गिऱ्हाइकाला ओरडून पैसे सांगत होता. हाशिमनं वरचं झाकण उघडलं. व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, कॅमशाफ्ट म्हणतात त्याला, त्याचा एक उंचवटा पार झिजला होता. पुण्याहून नवा दांडा आणला, बसवला, मापाची पातळ पत्ती घालून व्हॉल्व्हच्या फटी मोजल्या, गाडी चालू केली. टकटक गप्प.

"झ्याक झालं!" अमृतराव हरखले.

हाशिमनं मूठ दातांत धरली. टक टक टक.

"कसलं झ्याक? हाय की आवाज."

"मला तर न्हाई ऐकू येत, मिस्त्री."

"तुमच्या कानात भात उगवलाय. जावा, उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यानं फटी पुन्हा मोजल्या. टकटक तिथंच. तिसऱ्या दिवशी नवा दांडा काढून उलटासुलटा पाहिला, परत बसवला. टकटक होतीच. उस्मान रसाचा ग्लास विसळता विसळता, ऐकू जाईल अशा बेतानं, म्हणाला, "भाईचा कान गेला वाटतं." ऐकणं गेलं तर त्याच्यापाशी उरलं काय? चार पत्रे.

दुपारी बिलकीस डबा घेऊन आली. इंजिन चालूच होतं. हाशिमनं कवळी खिशात टाकली, भाकरी कालवणात कुस्करली, आणि दोन घास खाऊन तसाच उठला. जिवाला चैन कुठली! मूठ हिरड्यांत धरली.

काही नाही. तेल घातलेल्या शिवणयंत्रासारखं इंजिन चाललेलं.

त्यानं कवळी घातली. टक टक. काढली. गप्प. पुन्हा घातली. बिलकीस डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आता काय उघडताय? गाडी का तोंड?"

"गप. कुणाला बोलू नको." गाडीचा आवाज गेला म्हणून सांगायचं नि मोकळं व्हायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

तेवढ्यात अमृतराव आले, चेहरा उतरलेला. "मिस्त्री, तुमचंच खरं असणार. तुमी चुकायचे न्हाई. माझेच कान गेले. सुलक्षणेनं, लेकीनं, उद्या पुण्याला कानाच्या डॉक्टरचा नंबर लावलाय. मशीन बसवावं लागतंय का काय, कुणाला ठावं!"

समोर उस्मान ग्लास हातात धरून कान टवकारून बसलेला. बिलकीस नवऱ्याकडं टक लावून बघत होती.

हाशिमनं तोंडातली कवळी काढली आणि चालू गाडीचं बॉनेट खाली पाडून त्यावर ठेवली. ती तिथं सुखानं नाचायला लागली. टक टक टक.

"हा घ्या तुमचा आवाज," तो बोळक्या तोंडानं म्हणाला. "तुमचे कान धडधाकट हायेत. गाडी परवाच नीट झालीय."

अमृतराव म्हणाले, "तीन दिस मला बहिरा म्हणलात की वो!"

"म्हणलो. उद्याचा नंबर मोडा, पर पुण्याला चला. त्या डॉक्टरीणबाईकडं न्या मला."

उस्मान तोवर स्टँडाकडं पळालासुद्धा, बातमी गरम आहे तोवर वाटायला.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. गाडी इतकी गप्प चालली होती, की पुण्यापर्यंत हाशिमला अमृतरावांचं बोलणं शब्द न् शब्द ऐकावं लागलं.